जुन्या फोर बाय फोर पिकअपला पुढचा ॲक्सल बनवून घ्यायचा तर

राधानगरी भागातून एका शेतकरी मित्रानं विचारलंय. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) जुनी फोर बाय फोर पिकअप आहे. पुढचं हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं कवच, लांब बाजूला वाकलंय. मागच्या चाकांपेक्षा पुढची चाकं आत पडतात, टायर मोठे टाकायचेत. मेस्त्री म्हणतात, एखाद्या मोठ्या गाडीचा मागचा ॲक्सल कापून पुढं बसवू. तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात अख्खा नवा ॲक्सल बनवून मिळेल का, त्यातलं काय बनवायचं, काय विकत घ्यायचं, आणि तोवर गाडी चालवायची का?

मिळेल. ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, आणि ज्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून ट्रॅक्टर-ट्रकची कास्टिंग्ज बाहेर जातात, त्या गावात दोन पाइप आणि एक पोट (मधला डिफरन्शिअलचा गोळा) जोडून हौसिंग करणारा माणूस शोधावा लागत नाही. आपल्याकडं वेल्डर पक्के आहेत, टर्नर त्याहून पक्के. काम फसतं ते मापात आणि क्रमात. वेल्डिंग आधी, माप नंतर, असं झालं की तो ॲक्सल दिसायला पहाडासारखा आणि चालवायला नको नको होतो.

पण आधी एक खात्री करा. हौसिंग खरंच वाकलंय की नुसता पाटा बसलाय? गाडी सपाट फरशीवर उभी करा. पुढच्या दोन्ही चाकांना वरच्या कडेकडून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजा. पाट्यांच्या मधे गाडीचं वजन खाली दाबतं आणि टोकाला चाक वर रेटतं, म्हणून पाइप वाकला की टोकं वर जातात आणि चाकाचा माथा आत झुकतो. एकाच बाजूचा माथा आत गेला असेल, त्या बाजूच्या टायरची आतली कड खाल्ली गेली असेल आणि त्याच बाजूचं ऑइल सील बदलूनसुद्धा पुन्हा गळत असेल, तर हौसिंग वाकलंय यात शंका नाही. वाकलेल्या पाइपात शाफ्ट मध्यावर राहत नाही, तो सील एका अंगानं घासतो. मग कितीही भारी सील घाला, महिन्याभरात चाकाच्या ड्रमात तेल.

नुसता पाइप वाकला असेल आणि पोट शाबूत असेल, तर ‘नवा ॲक्सल’ हा विषय बाजूला ठेवून तोच पाइप बदला. काम एक पंचमांश होतं. तुमच्या बाबतीत मात्र ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) वाढवायचाय, टायर मोठे करायचेत, म्हणजे पाइप, शाफ्ट आणि टाय रॉड सगळंच बदलणार. मग नवा करणंच सरळ.

आता नियम एकच सांगतो, बाकी सगळं त्याच्यामागं येईल. जे फिरतं ते विकत घ्यायचं, जे उभं राहतं ते बनवायचं. क्राऊन-पिनियन, डिफरन्शिअलचा पिंजरा, बेअरिंग, जॉइंट क्रॉस, हब, ब्रेक, नकल (हँडलबरोबर वळणारा चाकाचा सांधा), स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) हे सगळं चालू उत्पादनातलं, ज्याचा नंबर सांगितला की शाहूपुरीतल्या दुकानदारानं फळीवरून काढून द्यावं असं. पाइप, पाट्यांच्या बैठका, वरची कैची (पाइप ताठ ठेवणारा आधार), स्टेअरिंगचे आर्म, टाय रॉडचा दांडा हे आपण करायचं. हौशी माणूस नेमकं उलटं करतो. ओळखीची फौंड्री असते म्हणून पोटाचं पॅटर्न करून एसजी आयर्नमध्ये (चिवट बिडात) ओतून घ्यायचा मोह होतो. एसजी आपल्याकडं उत्तम होतं, वाद नाही. पण एका नगासाठी पॅटर्न, कोअर, मशिनिंगचं फिक्श्चर, बेअरिंगच्या बैठका एका रेषेत बोअर करणं आणि आत पोकळी राहिली नाही ना हे तपासणं, एवढं करून हातात काय येतं? भंगारात चांगल्या अवस्थेत मिळणारं पोट. ते घ्या.

कुठलं घ्यायचं? पहिली अट बाजूची. गाडीखाली झोपून बघा, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीचा) पुढचा फ्लँज चेसिसच्या मध्यापासून कुठल्या बाजूला आहे. पुढच्या ॲक्सलचं पोट त्याच बाजूला हवं. ते दुसऱ्या बाजूला असेल तर प्रॉपेलर शाफ्ट इंजिनच्या चेंबरखालून (तेलाच्या डब्याखालून) तिरका जातो आणि त्याला उपाय नाही. दुसरी अट रेशोची. मागच्या क्राऊनचे दात मोजा, पिनियनचे मोजा, भागा. त्रेचाळीसला आठ म्हणजे ५.३७५, एकोणचाळीसला आठ म्हणजे ४.८७५. पुढं-मागं हे दोन वेगळे बसवले तर मागचं चाक १०० मीटर जातं तेव्हा पुढचं साधारण ९१ मीटरच जाऊ पाहतं. उरलेले नऊ मीटर टायर घसटतात, आणि सुक्या रस्त्यावर घसटायला जागा मिळाली नाही की जॉइंट क्रॉस किंवा ट्रान्सफर केस फुटते. सदतीसला नऊ आणि एकेचाळीसला दहा अशी जोडी (४.११ आणि ४.१०) चालून जाते, त्याहून जास्त फरक नको.

तिसरी अट चाकाच्या बोल्टांची. जुन्या महिंद्रा जीपच्या घराण्यात आणि जिप्सीत पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. हायलक्स, पजेरो अशा गाड्यांत वर्तुळ तेच, पण बोल्ट सहा. पुढं सहा आणि मागं पाच झाले तर स्टेपनी दोन ठेवाव्या लागतील. लष्करी लिलावातल्या जोंगाचा ॲक्सल मिळतोय म्हणून अनेकांचे डोळे चमकतात. धिप्पाड आहे खरा, पण जोंगाचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. त्याचं एक स्पिंडल गेलं तर पुन्हा लिलावाची वाट बघायची. शेतातल्या कामाच्या गाडीला हे परवडत नाही.

मागचा ॲक्सल पुढं बसवायच्या तुमच्या मेस्त्रींच्या कल्पनेबद्दल. ती वेडगळ नाही, करतात लोक. मागचं हौसिंग जागच्या जागी अर्धा फेरा वळवून पिनियनचं तोंड मागं केलं तर चाकं बरोबर दिशेनं फिरतात. पण मग पुढं जाताना क्राऊनच्या दाताची दुसरी, म्हणजे उताराला इंजिन गाडी धरतं तेव्हा वापरली जाणारी बाजू ओढते, आणि हायपॉइड दातांची ती बाजू कमी ताकदीची असते. मुळात पुढच्या ॲक्सलसाठी उलट कापाचे, पिनियन वर असलेले गिअर मिळतात ते याच कारणानं. पिनियन वर यावं म्हणून कुणी मागचं हौसिंग उलथंच करून बसवायला निघालं तर त्याला थांबवा. त्यात पुढचा गिअर टाकला की पुढची चाकं मागं जातात. तेलाचे मार्ग उलटे होऊन पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं ते वेगळंच. शिवाय मागच्या ॲक्सलला नकल नसते. टोकं कापून तिथं दुसऱ्या गाडीची नकल जोडायची म्हणजे पाइपाचा व्यास जुळणं, शाफ्टचे स्प्लाइन (टोकाच्या खाचा) जुळणं आलं. पुढच्याच ॲक्सलचं पोट मिळत असेल तर हा द्राविडी प्राणायाम कशाला?

पाइपाबद्दल. सगळे जाड पाइप मागतात. जरा हिशेब करा. बाहेरून ७० मिलिमीटर, भिंत १० मिलिमीटर असा पाइप आहे असं धरू. भिंत १२ केली तर ताठपणा साधारण १० टक्के वाढतो आणि वजन १६ टक्के. भिंत १० च ठेवून बाहेरचा व्यास ७६ केला तर ताठपणा ३२ टक्के वाढतो आणि वजन फक्त १०. वाकायला विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, त्यामुळं व्यासातले सहा मिलिमीटर भिंतीतल्या दोनांना केव्हाच मागं टाकतात. पोटाचं भोक बोअर करायला मांस शिल्लक असेल तर पाइप मोठा घ्या. नसेल तर आहे तोच व्यास ठेवून वरून कैची मारा. सीमलेस, एसटी ५२ दर्जाचा, टेस्ट सर्टिफिकेटसह. भंगारातला हायड्रॉलिक सिलिंडरचा पाइप स्वस्त पडतो, पण त्याचं पोलाद कुठलं हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि वेल्डजवळ तडा गेला की कळतं.

पाइप पोटात ढिला घालून वेल्डवर भरवसा ठेवायचा नाही. तो भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठा ठेवून, पोट गरम करून, प्रेसवर दाबून बसवायचा. वेल्ड फक्त फिरू नये म्हणून. पोट एसजीचं आणि पाइप पोलादी, त्यामुळं इथं साधा रॉड चालत नाही. निकेलचा रॉड, आधी पोट सगळीकडून सारखं तापवायचं, दोन-अडीच सेंटिमीटरचा टाका मारायचा, गरम असतानाच हलक्या हातोडीनं ठोकून ताण मोडायचा, मग समोरच्या बाजूला दुसरा टाका. झालं की ग्लास वूलमध्ये किंवा कोरड्या चुन्यात झाकून रात्रभर निवू द्यायचं. वेल्ड झाल्यावर टिकटिक आवाज आला तर समजा भेग गेली. पाइपावर पोलादी भाग जोडायला ७०१८ चा रॉड, पण भट्टीत वाळवलेला. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे रॉडच्या पाकिटात पाणीच, आणि ओल्या रॉडचा हायड्रोजन वेल्डशेजारी दोन दिवसांनी तडा देतो. तेव्हा गाडी घरी पोहोचलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे उत्तर लिहायला बसलो, ती म्हणजे कोन.

पुढच्या ॲक्सलमध्ये दोन कोन एकाच हौसिंगला बांधलेले असतात. एक पिनियनचा, म्हणजे पिनियन ट्रान्सफर केसकडं किती वर बघतो. दुसरा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (नकल ज्यावर वळते त्या खुंटीचा) माथा मागं किती झुकलाय. कॅस्टरमुळं वळणानंतर हँडल आपसूक सरळ येतं. पाट्यांच्या जुन्या गाड्यांत तो साधारण दोन ते चार अंश असतो, मोठ्या टायरला मी चारच्या आसपास पसंत करतो. आता गाडी उंच केली, प्रॉपेलर शाफ्ट तिरका झाला, जॉइंट आवाज करू लागला, म्हणून पाट्याखाली चार अंशांची पाचर घालून पिनियनचं नाक वर केलं. नाक मागच्या बाजूला असतं. ते वर गेलं की हौसिंगचा माथा पुढं येतो आणि कॅस्टर तेवढाच, चार अंशांनी, कमी होतो. तीनचा उणे एक. गाडी साठच्या वर गेली की रस्ता सोडून भटकायला लागते. लोक मग स्टेअरिंग बॉक्स बदलतात, टायर बदलतात, अलाइनमेंटवाल्याशी भांडतात. दोष त्या पाचरीत असतो.

नवा ॲक्सल बनवण्याचा खरा फायदा इथंच आहे. नकल ज्याच्यावर बसते ती टोकं आणि पाट्यांच्या बैठका दोन्ही आपण जोडणार, म्हणजे दोन्ही कोन सुटे मिळतात. क्रम असा ठेवा. पोट आणि पाइप पक्के झाले की बैठका आणि टोकं नुसत्या एकेका टाक्यावर धरायची. हौसिंग गाडीखाली पाट्यांवर चढवायचं, आणि गाडी स्वतःच्या पूर्ण वजनावर टायरवर उभी राहील असं करायचं. जॅकवर अजिबात नाही, कारण पाटे लोंबकळत असताना घेतलेला कोन खोटा असतो. तुमच्या गाडीत नेहमी माल असतो, तर नेहमीइतका माल भरूनच. मग पिनियन लावायचा. प्रॉपेलर शाफ्टला दोन्हीकडं एकेकच जॉइंट असेल तर ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज समांतर हवेत. ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल जॉइंट असेल तर पिनियनचं नाक थेट त्या जॉइंटकडं रोखलेलं हवं. हा कोन ठरला की बैठकांना चांगले टाके. त्यानंतर टोकं फिरवून कॅस्टर, दोन्ही बाजूंना सारखा. अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढत राहील. बाजारात डिजिटल कोनमापी स्वस्तात मिळतात, एक घ्याच.

त्याच बैठकीत ओळंबा पुन्हा काढा. दोन्ही पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातून फरशीवर खडूच्या खुणा करा. डावा-उजवा व्हीलबेस मोजा, मग दोन्ही कर्ण. कर्ण जुळेपर्यंत पुढं जायचं नाही. पाट्याचा मधला बोल्ट बैठकीच्या भोकात नेमका बसला पाहिजे. ते भोक ऐसपैस ठेवलं तर यू-बोल्ट कितीही आवळा, पहिल्या मोठ्या खड्ड्यात ॲक्सल सरकतो.

एवढं झाल्यावर हौसिंग उतरवून पूर्ण वेल्डिंग. इथं टर्नरकडून आधीच एक गोष्ट करून घ्यायची. पिंजऱ्याच्या बेअरिंगच्या जागी बसतील अशा दोन चकत्या, पाइपाच्या टोकांना बसतील अशा दोन, आणि चौघींच्या मधून आरपार जाईल असा सरळ ग्राइंड केलेला दांडा. दांडा हातानं सरकला पाहिजे. प्रत्येक टाक्यानंतर तो फिरवून बघायचा. अडकला की थांबायचं, निवू द्यायचं, समोरच्या बाजूनं टाका मारायचा. माझ्याकडं एकदा एक हौसिंग आलं होतं, दुसरीकडं बनवलेलं. दोन्ही बैठका आणि वरची कैची एका दमात, एकाच बाजूनं वेल्ड केलेली. वेल्ड इतका देखणा की फोटो काढावा, आणि लांब बाजूचा शाफ्ट स्प्लाइनपर्यंत पोहोचतच नव्हता. पाइपाच्या माथ्यावरचा वेल्ड आकसतो आणि टोकं वर ओढतो, म्हणजे तुमचं हौसिंग जसं वाकलंय तसंच, फक्त खड्ड्याऐवजी वेल्डरनं केलेलं. ते शेवटी खालच्या बाजूला नेमक्या पट्ट्यात तापवून सरळ करावं लागलं.

कैची मारायचीच तर पोटाला वेल्ड करू नका. पोटावरून पूल करा, दोन्हीकडच्या पाइपांवर टेकवा. आणि पाटा दबल्यावर ती चेंबरला लागत नाही ना, हे रबरी बफर काढून, पाटा पूर्ण दाबून बघा.

शाफ्ट. ट्रॅक वाढला की आतला शाफ्ट लांब हवा. पहिला पर्याय, ज्याच्या लांबीचा तयार शाफ्ट बाजारात आहे तेवढाच ट्रॅक धरून हौसिंगची लांबी ठरवायची. हा मला सगळ्यात आवडतो, कारण गगनबावड्यात शाफ्ट तुटला तर फोनवर नंबर सांगून मागवता येतो. दुसरा पर्याय, ईएन २४ मधून नवा करून घ्यायचा, स्प्लाइन हॉबिंगवर, नंतर इंडक्शन हार्डनिंग. वरून कडक, आतून चिवट. कोल्हापुरात ही तिन्ही कामं होतात, फक्त तीन ठिकाणी फिरावं लागतं. तिसरा पर्याय म्हणजे जुना शाफ्ट मधे कापून जोड देणं. हा पर्यायच नाही. लांब शाफ्ट कापून तोकडा करता येतो, पण मधे बारीक आणि टोकाला जाड असलेला शाफ्ट कापला तर स्प्लाइन पाडायला मांसच उरत नाही, आणि कापल्या टोकाचं हार्डनिंग नव्यानं करावं लागतं.

चाकापाशी साधा जॉइंट क्रॉस की सीव्ही (कोनातही एकसारखा फिरणारा जॉइंट)? क्रॉस स्वस्त आणि रस्त्यात बदलता येणारा. त्याचा दोष असा की कोनात तो एकसारखा फिरत नाही. ३० अंश हँडल वळवलं की एका फेऱ्यात दोनदा चाकाचा वेग सुमारे १५ टक्के वर आणि १३ टक्के खाली जातो. फोर बाय फोरमध्ये पूर्ण हँडल कापल्यावर गाडी हिसके देते ती यामुळं. शेतात, घाटवाटेवर हे चालतं. तुमच्या वापराला मी क्रॉसच ठेवीन. काहीतरी तुटणारच असेल तर क्रॉस किंवा फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारा हब) तुटावा, क्राऊन-पिनियन नको. म्हणून बाहेरचा जॉइंट उगाच भारी करत बसू नका. हँडलचे स्टॉपर बोल्ट मात्र नीट लावा. क्रॉसचे कान एकमेकांना टेकायच्या आधी हँडल थांबलं पाहिजे. जॅकवर चाकं उचलून, दोन्हीकडं हँडल पूर्ण कापून, शाफ्ट हातानं फिरवून बघा.

क्राऊन-पिनियन बसवताना घाई नको. पिनियनखालचे शिम (पातळ चकत्या) आधी, मग पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (आवळ), मग दोन्ही बाजूंचे शिम हलवून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक). डायल गेज क्राऊनच्या दातावर काटकोनात लावून ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास येऊ द्या, आणि तेही क्राऊन फिरवत चार ठिकाणी मोजा. मग दात पुसून कोरडे करायचे. आमच्याकडं जुने फिटर तेलात शेंदूर कालवून ब्रशनं चार-पाच दातांना पातळ लावतात, प्रशियन ब्लूसुद्धा चालतो. क्राऊनला एका लाकडी पट्टीनं ओझं देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. शेंदूर जिथून पुसला गेला तिथं दाताला दात लागला. तो ठसा दाताच्या उंचीच्या मधे हवा. माथ्याकडं सरकला तर पिनियन दूर आहे, जाड शिम घालून आत घ्यायचा. मुळाशी खोल गेला तर बाहेर. ठसा बघताना पुढच्या ॲक्सलमध्ये कुठली बाजू ओढणार आहे हे आठवायचं, आणि ती बाजू आधी बघायची. नंतर हात धुवायला विसरू नका, खरा शेंदूर म्हणजे शिसंच.

किंगपिनच्या बेअरिंगचा प्रीलोड भाजीवाल्याच्या ताणकाट्यानं मोजता येतो. टाय रॉड काढायचा, सील लावायच्या आधी काटा आर्मच्या भोकात अडकवून सावकाश ओढायचा. नकल हलत राहायला किती ओढ लागते ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं, दोन्ही बाजूंना सारखं. हा ढिला राहिला की ठरावीक वेगाला पुढची चाकं अशी थरथरतात की ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन उतरतो. स्टेअरिंग डँपर लावून ही थरथर लपते, जात नाही.

टाय रॉडच्या एंडचा टेपर आणि आर्मचं भोक एकाच टेपरचं हवं. ब्लू लावून फिरवा, सगळीकडं ठसा आला पाहिजे. टेपर रीमर भाड्यानं मिळतो, ड्रिलनं भागवू नका. कॅसल नटचं भोक जुळलं नाही तर नट पुढंच आवळायचा, मागं कधीच नाही. ड्रॅग लिंक शक्य तितकी जमिनीला समांतर ठेवा, नाहीतर खड्ड्यागणिक हँडल स्वतःच वळेल. टो-इन (चाकं पुढच्या कडेला जेवढी आत वळलेली) दीड ते तीन मिलिमीटर. आणि मोठ्या टायरसोबत फार बाहेर निघणारी रिम घेऊ नका. जमिनीवर टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून जेवढा दूर, तेवढा प्रत्येक दगड हँडलला झटका देतो.

ब्रेक ज्या गाडीची नकल, त्याच गाडीचे. डिस्क आल्या तर मास्टर सिलिंडरही त्यांना जुळणारा हवा.

दिसायला क्षुल्लक, पण आपल्या भागात मोलाची गोष्ट म्हणजे ब्रीदर, हौसिंगचं हवा सोडणारं छिद्र. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर किती गाड्यांच्या डिफरन्शिअलमधून ताकासारखं तेल निघालं याची गणती नाही. ब्रीदरच्या जागी निपल लावून होज पार बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत न्या. खर्च नगण्य. तेल हायपॉइडला चालणारं, जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. खालच्या ड्रेन प्लगला चुंबक असू द्या.

कागदपत्रांचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. वाकलेलं हौसिंग मूळ मापात नवं करणं ही दुरुस्ती झाली. ट्रॅक वाढवणं, टायर मोठे करणं हा बदल झाला. म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडं लेखी विचारा. अपघात झाला तर विमेवाला आधी गाडीखाली वाकून बघतो. माझं मत विचाराल तर ट्रॅक मागच्याइतका करण्याचा हट्ट सोडा. मूळ मापाचा, मोठ्या व्यासाच्या पाइपाचा, कोन नीट लावलेला ॲक्सल तुमचं नव्वद टक्के काम करेल, तयार शाफ्ट बसतील आणि कागदही स्वच्छ राहील.

नवा ॲक्सल चढला की यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. पहिले काही दिवस रिकामी गाडी, फोर बाय फोर न लावता. दर थांब्याला हब आणि पोट हाताला किती गरम लागतं ते बघा. दोन हबांत फरक जाणवला तर त्या बाजूचं बेअरिंग पुन्हा सेट करा. दोनेकशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि आर्मचे नट पुन्हा टॉर्कवर, पाचशेला तेल बदली. चुंबकावर बारीक राखेसारखी पूड आली तर ठीक, चकाकणारी कपची आली तर उघडायचं.

तोवर गाडी चालवू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. फ्री व्हील हब मोकळे करून, रिकामी किंवा अर्ध्या मालानं, शेत ते गाव एवढी चालवा. आधी वाकलेल्या जागेवरचा रंग आणि गंज तारेच्या ब्रशनं साफ करून, केरोसीन लावून पुसा आणि वर खडू फासा. थोड्या वेळानं खडूवर ओली रेघ उमटली तर तिथं तडा आहे, मग गाडी जागची हलवायची नाही, टोईंग करूनच आणायची. रेघ नसली तरी फोंडा घाटात, करूळ घाटात ही गाडी तूर्त न्यायची नाही.